लिंबूटिंबू नको, हँडिकॅप द्या!

दिल्लीला जायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, करोलबागेतली खरेदी आणि जमलेच तर आग्र्याची एक धावती फेरी. मीही आजवर दिल्ली अशीच पाहिली होती. परंतु निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात धाकट्या बहिणीकडे गुरुग्रामला दीड महिना राहण्याचा योग आला आणि दिल्लीजवळची एक वेगळीच जागा पाहायला मिळाली. तिथे ना कुणाची समाधी होती, ना कुठला दरवाजा. होता तो गुळगुळीत लाकडी पट्ट्यांचा एक भलामोठा हॉल, आणि त्यात दर रविवारी सकाळी जमणारी पाच-सहा इमारतींतली कुटुंबे.

बहीण फोनवर म्हणाली होती, ‘‘ताई, रविवारी आमचं बोलिंग असतं. तुलाही यावं लागेल.’’ मला वाटले, सोसायटीच्या मैदानात क्रिकेट असेल. प्रत्यक्षात ते निघाले टेनपिन बोलिंग. एका टोकाला दहा पिना मांडायच्या आणि दुसऱ्या टोकाहून जड चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या. आपल्या लगोरीची ही श्रीमंत, वातानुकूलित चुलत बहीणच म्हणा ना!

गुरू द्रोणांच्या गावात

गुरुग्रामचे जुने नाव गुडगाव. २०१६ साली ते अधिकृतपणे गुरुग्राम झाले. पांडवांनी हे गाव द्रोणाचार्यांना दिले अशी आख्यायिका आहे. दिल्लीहून मेट्रोची पिवळी लाइन धरली की कुतुबमिनार मागे पडतो आणि हरियाणात शिरल्यावर ‘गुरु द्रोणाचार्य’ नावाचे स्टेशनच लागते. २०१० साली ही लाइन इथवर आली. त्यानंतर दिल्ली आणि गुरुग्राम यांच्यातले अंतर नकाशावर होते तेवढेच राहिले तरी माणसांसाठी फार कमी झाले.

या गावात आजोबांच्या वयाची माणसे मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या घरात राहतात. उन्हाळ्यात बाहेर पाऊल ठेववत नाही, नोव्हेंबरात धुरक्याने श्वास कोंडतो, जानेवारीत सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही. मैदाने थोडी आणि रस्ते रुंद. त्यामुळे मॉल हेच इथले चौक आणि मॉल हीच इथली बाग. बोलिंगने इथे बस्तान बसवले ते याच कारणाने. १९८२ साली दिल्लीत एशियाड भरले तेव्हा या खेळाला त्यात जागा नव्हती. पुढे मॉल आले, तसे बोलिंगही आले. २००९ साली दिल्लीच्या सीमेलगत अँबियन्स मॉलमध्ये चोवीस लेनचे बोलिंग केंद्र सुरू झाले, त्याची तेव्हा मोठी चर्चा झाली होती. आपल्याकडे मुंबईतही लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात लोकांनी हा खेळ पाहिला, तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस.

खेळ सोपा, हिशेब अवघड

आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये ढगांच्या गडगडाटासारखा आवाज भरून राहिला होता. आधी बूट बदलायचे. या बुटांचे तळवे गुळगुळीत असतात, म्हणजे चेंडू सोडताना पाय हलकेच घसरतो. मग चेंडू निवडायचा. त्याला तीन भोके असतात, दोन बोटांसाठी आणि एक अंगठ्यासाठी. सर्वांत जड चेंडू सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. मुलांसाठी सहा-सात पौंडांचेही असतात. चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिली पिन साठ फुटांवर असते आणि लेन जेमतेम साडेतीन फूट रुंद. दोन्ही कडांना पन्हळ. तिला म्हणतात गटर. माझे पहिले चारही चेंडू त्या गटरातच गेले!

एका डावात दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दोनदा चेंडू टाकता येतो. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो ‘स्ट्राइक’, दोन चेंडूंत पडल्या तर ‘स्पेअर’. स्पेअर झाला की पुढच्या एका चेंडूचे आणि स्ट्राइक झाला की पुढच्या दोन चेंडूंचे गुण त्यात मिळवले जातात. असे लागोपाठ बारा स्ट्राइक झाले तर डाव तीनशेचा होतो. त्याहून अधिक गुण कुणालाच मिळवता येत नाहीत. पडलेल्या पिना पुन्हा उभ्या करण्याचे काम पूर्वी पोरे करीत. १९४६ मध्ये अमेरिकेत पिना मांडणारे यंत्र लोकांसमोर आले आणि पुढच्या दशकात ते सर्वत्र पसरले. आता गुणही पडद्यावर आपोआप उमटतात.

बहिणीच्या सोसायटीतल्या लोकांनी सहा रविवारांची एक घरगुती लीग ठरवली होती. चार-चार जणांचे पाच संघ. कुणी पंजाबी, कुणी बंगाली, कुणी तमिळ. मराठी संघ एकच, आमचा. मेहुणे कॉलेजपासून खेळणारे, बहीण बऱ्यापैकी, बारा वर्षांची भाची नवशिकी. चौथे शेजारी होते, त्यांची नेमकी बदली झाली. मग भाचीने आजोबांचे नाव लिहून टाकले.

नानांचा नकार

हे आजोबा म्हणजे बहिणीचे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. १९७२ साली केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ते दिल्लीत आले. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. गणेशोत्सव, नाटकाच्या तालमी, पहाडगंजातल्या मराठी मंडळींकडे येणेजाणे असे त्यांचे आयुष्य होते. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्या आणि नाना मुलाकडे राहायला आले. तेव्हापासून ते घराबाहेर फारसे पडत नव्हते. रविवारी हॉलवर येत, पण सगळ्यांचे बूट आणि स्वेटर सांभाळत कोपऱ्यात बसत.

नाव लिहिले म्हटल्यावर ते भाचीला म्हणाले, ‘‘बाळ, मी लिंबूटिंबू म्हणून खेळणार नाही.’’

लिंबूटिंबू! किती वर्षांनी तो शब्द ऐकला. लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घ्यावेच लागे, पण ते बाद झाले तरी बाद नाही आणि जिंकले तरी जिंकले नाही. खेळायचे, पण मोजायचे नाही. गंमत म्हणजे दिल्लीची मुले अशा भिडूला ‘कच्चा नींबू’ म्हणतात. लिंबाला दोन्हीकडे हाच मान!

संघांचा हिशेब ठेवायला एक पंजाबी बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी नानांचे म्हणणे ऐकले आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, ‘‘अंकलजी, तुम्ही सरकारी हिशेब पाहिलेत. हाही तपासून घ्या. यात कुणालाच सूट नाही.’’

वहीतला न्याय

त्या वहीत जे होते त्याला हँडिकॅप म्हणतात. कमीजास्त ताकदीची माणसे एकमेकांशी खेळतात तेव्हा ही पद्धत वापरतात. हा शब्द जुन्या इंग्लंडमधल्या वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका खेळातून आला. टोपीत हात घालून तो सौदा होई. पुढे घोड्यांच्या शर्यतीत तो रुळला. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर आजही चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात. बोलिंगमध्ये मात्र चांगल्या खेळाडूवर ओझे लादत नाहीत. बाकीच्यांना त्याच्या जवळ आणून उभे करतात.

रीत अशी. प्रत्येकाची सरासरी काढायची आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. एक वरचा आकडा ठरवायचा. या लीगमध्ये तो दोनशे होता. कुठे २१०, कुठे २२०ही असतो. त्या आकड्यातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्याचे ९० टक्के प्रत्येक डावात मूळ गुणांत मिळवायचे.

पहिल्या रविवारी तीन-तीन डाव झाले. नानांनी बऱ्याच आग्रहानंतर चेंडू उचलला. त्यांचे गुण ८८, १०४ आणि ९७. सरासरी ९६. दोनशेतून ९६ गेले, उरले १०४. त्याचे ९० टक्के म्हणजे ९३. हा त्यांचा हँडिकॅप. याच हिशेबाने १७१ सरासरीच्या मेहुण्यांना २६, १२४ सरासरीच्या बहिणीला ६८ आणि ८२ सरासरीच्या भाचीला १०६ गुण मिळाले.

नानांनी खिशातून पेन काढले आणि चौघांच्या बेरजा मांडल्या. प्रत्येक जण नेहमीसारखाच खेळला तर मेहुणे १९७, बहीण १९२, नाना १८९ आणि भाची १८८. त्यांनी मान वर केली. ‘‘म्हणजे मुलगा अजून आठांनी पुढेच आहे की!’’

‘‘पुढे असायलाच हवा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शंभर टक्के दिले तर त्याने मेहनत कशाला करायची? नव्वद टक्क्यांत त्याच्या कसबाचा मान राहतो आणि तुम्हालाही वाट मोकळी राहते. तुम्ही आपल्या कालच्यापेक्षा आठ-दहा पिना जास्त पाडल्यात की तो तुमच्या हातात आला!’’

नाना बराच वेळ त्या वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे ठीक आहे. हे उपकार नाहीत.’’

तीन तक्ते, तीन उत्तरे

दुसऱ्या रविवारी खरी लीग सुरू झाली. पहिल्या डावात मेहुण्यांनी १७८ पाडले, बहिणीने १३१, नानांनी ११३ आणि भाचीने ७९. हँडिकॅप मिळवल्यावर मेहुणे २०४, बहीण १९९, नाना २०६, भाची १८५. नाना घरात पहिले!

भाची लगेच म्हणाली, ‘‘पण बाबांनी तर किती जास्त पाडल्या!’’ तिचेही खरे होते. म्हणूनच बाईंच्या वहीत तीन तक्ते असत. पहिला मूळ गुणांचा. सर्वांत चांगला खेळाडू कोण, याचे उत्तर त्यात. दुसरा हँडिकॅपसह गुणांचा. आजचा डाव कुणाचा, ते तो सांगे. आणि तिसरा तक्ता, कोण आपल्या सरासरीपेक्षा किती पुढे गेले त्याचा. त्यात नाना अधिक १७, मेहुणे आणि बहीण प्रत्येकी अधिक ७, भाची उणे ३. ‘सर्वांत चांगला कोण’ हा एकच प्रश्न आपण घरात, शाळेत, नात्यागोत्यांत विचारत राहतो आणि एकच उत्तर सगळ्यांना लावतो. इथे एकाच डावाची तीन खरी उत्तरे समोर होती.

बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली. एका डावावरून कुणाला जोखू नका. नवशिक्याचे गुण एक दिवस ऐंशी, दुसऱ्या दिवशी एकशेवीस असे उड्या मारतात. त्यामुळे एखाद्या डावात तो हँडिकॅपच्या बळावर सर्वांच्या पुढे जाऊ शकतो. मुरलेल्या खेळाडूचे गुण इतके हेलकावत नाहीत. म्हणून पाच-सहा आठवड्यांची बेरीज पाहायची, आणि दर आठवड्याला सरासरी नव्याने काढायची.

बहिणीला या पद्धतीतले आणखी काही आवडले होते. इथे बायकांना बाई म्हणून गुण मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय खेळात स्त्रिया आणि पुरुष एकत्र खेळतात अशा काही स्पर्धांमध्ये स्त्रियांना दर डावाला आठ गुण जादा देतात. मात्र २०१० च्या जानेवारीत लास व्हेगासला केली क्युलिक या अमेरिकन खेळाडूने व्यावसायिकांची ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ जिंकली. अंतिम डावात तिने क्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असे हरवले, आणि तेही एकही जादा गुण न घेता. सोसायटीच्या लीगमध्ये प्रत्येकाचा आकडा ठरतो तो त्याच्या खेळावरून, मग ते आजोबा असोत की नात.

गटरात गेलेला चेंडू

त्याच रविवारी एक कटू प्रसंग घडला. दुसऱ्या संघातल्या एका तरुणाची सरासरी ११८ होती, म्हणजे हँडिकॅप ७३. त्या दिवशी त्याने १७२ आणि १६८ पाडले. हँडिकॅपसह २४५ आणि २४१! कुणी जवळसुद्धा फिरकू शकले नाही. टाळ्या वाजल्या, पण भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘मावशी, मागच्या रविवारी तो शेवटचे चेंडू मुद्दाम गटरात टाकत होता. मी पाहिलं.’’

सरासरी कमी ठेवायची, हँडिकॅप फुगवायचा आणि मोक्याच्या वेळी खरा खेळ दाखवायचा, हा या पद्धतीतला जुना रोग. जिथे जिथे हँडिकॅप आहे, मग ते बोलिंग असो की गोल्फ, तिथे तिथे तो शिरतो. बाईंनी कुणाचे नाव घेतले नाही. वहीच्या पहिल्या पानावरचा नियम त्यांनी सर्वांना वाचून दाखवला. कुणाचे दोन्ही डाव सरासरीपेक्षा चाळिसाहून जास्त झाले तर त्याची सरासरी त्या दिवसाच्या गुणांवरून नव्याने ठरेल. त्या तरुणाची सरासरी १७० झाली, हँडिकॅप उरला २७.

परत जाताना नाना त्याच्या शेजारून गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाले, ‘‘बेटा, तू एकशेसत्तर पाडतोस. इतकी चांगली गोष्ट लपवायची कशाला?’’ मुलगा ओशाळला. पुढच्या रविवारी तोच भाचीला चेंडू सोडताना मनगट कसे सरळ ठेवायचे ते शिकवत होता.

मेट्रोत ‘गुरु द्रोणाचार्य’ स्टेशनची घोषणा झाली तेव्हा नाना आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत हसले. मला म्हणाले, ‘‘ताई, अर्जुन पहिला राहावा म्हणून इथल्या गुरूंनी एकलव्याचा अंगठा मागितला. त्या बँकेच्या बाई असत्या तर दोघांची सरासरी काढून मोकळ्या झाल्या असत्या!’’

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दिल्लीच्या सहलीत एक सकाळ काढता आली तर मुलांना आणि आजी-आजोबांनाही या खेळाला जरूर न्या. मोजे बरोबर ठेवा, बूट तिथेच भाड्याने मिळतात. चेंडू आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा घ्यावा, आणि पाठ किंवा मनगट दुखत असेल तर त्याहून हलका. भोकातून अंगठा सहज निघाला पाहिजे. रेषेच्या पुढे पाऊल टाकू नका. लेनवर तेल लावलेले असते आणि माणूस हमखास घसरतो. लहान मुलांसाठी गटरावर कठडे लावून मिळतात का ते विचारा. केंद्रांची नावे आणि दर बदलत राहतात, तेव्हा आधी फोन करून जावे. आणि हिवाळ्यात गेलात तर गुरुग्रामजवळचे सुलतानपूरचे पक्षी उद्यान पाहायला विसरू नका. दूरदेशीचे पक्षी तिथे मुक्कामाला येतात.

घरातच खेळायचे असेल तर हँडिकॅपची रीत कॅरमला किंवा बुद्धिबळालाही लावता येते. पाच-सहा डावांची नोंद ठेवा, मगच आकडा ठरवा. आणि हिशेबाची वही घरातल्या अशा माणसाकडे द्या, ज्याला स्वतः जिंकायची घाई नाही.

हँडिकॅप घटला!

सहा रविवार संपले तेव्हा आमचा संघ पाचांत तिसरा आला. मूळ गुणांत मेहुणे संघात अव्वल होते, त्यात आश्चर्य नव्हते. सर्वांची नजर होती तिसऱ्या तक्त्यावर. पहिल्या रविवारची सरासरी आणि शेवटची सरासरी यांतला फरक बाईंनी वाचून दाखवला. नाना ९६ वरून १०७ वर गेले होते, म्हणजे अकरांनी वर. आणि भाची ८२ वरून ९७ वर. नातीने आजोबांना चार पिनांनी हरवले! नानांनी तिला चॉकलेट दिले आणि वहीतला हिशेब तरीही एकदा तपासून घेतला.

मी पुण्याला परतले. दोनेक महिन्यांनी बहिणीचा फोन आला. बोलणे संपवून ती म्हणाली, ‘‘थांब, नानांना तुझ्याशी बोलायचं आहे.’’ एरवी फोनवर ‘बरं आहे’ याखेरीज न बोलणारे नाना उत्साहाने सांगत होते, ‘‘ताई, सरासरी एकशेतेरा झाली. हँडिकॅप त्र्याण्णवचा अठ्ठ्याहत्तर झाला!’’

मी म्हटले, ‘‘म्हणजे आता तुम्हाला पंधरा गुण कमीच मिळणार की, नाना.’’

‘‘तेच तर सांगतोय,’’ ते म्हणाले. ‘‘पंधरा कमी लागतात आता.’’